सोपानतात्यांची चाळण

कॉम्प्युटरला रामराम घालून कामाला सुरुवात करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. घालून म्हणजे अगदी टाईप करून. सकाळी दहाला सोपानतात्या खुर्चीत बसायचे, टोपी काढून टेबलावर ठेवायचे, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि पडद्यावर वरच्या बाजूला ‘शोधा’ म्हणून जी चौकट असते तिच्यात एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत लिहायचे : राम राम.

मशीन बिचारं शोधायला लागायचं. त्याला काय माहीत, हा नमस्कार आहे म्हणून! दोन सेकंद ते गोल गोल फिरायचं आणि मग दोन्ही तालुक्यांतले सगळे रामचंद्र, रामदास, रामभाऊ, तुकाराम, सखाराम, आत्माराम आपापल्या गाई-म्हशींसकट तात्यांच्या पुढ्यात हजर करायचं.

“बगा ताई,” तात्या माझ्याकडे वळून म्हणायचे, “राम म्हनलं की समदे ओ देत्यात.”

ही ओ देणारी मंडळी म्हणजे आमच्या दूध संघाचे सभासद. बारामतीच्या आमच्या ऑफिसात जनावरांच्या दवाखान्याचा विभाग आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यातून शेतकऱ्यांचे फोन येतात, की गाय फुगलीया, म्हशीची कास दगडासारखी झालीया, कालवड लंगडतीया. आम्ही तक्रार लिहून घ्यायची आणि त्या भागातल्या डॉक्टरला पाठवायचं. पूर्वी हे लांबलचक रजिस्टरात चालायचं. पाच वर्षांपूर्वी डॅशबोर्ड आला. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि नंबर टाकला की जनावराची सगळी कुंडली पडद्यावर. नंबर नसला तर नाव शोधायचं. नाव नसलं तर फिल्टर लावायचा. गाव निवडा, जनावर निवडा, तक्रार निवडा, आणि उरतील त्यांच्यातून आपलं माणूस उचला.

मी तिथं ऑपरेटर. तात्या माझ्या शेजारच्या खुर्चीत. त्यांनी तीस वर्षं शेळगावच्या केंद्रावर काढली होती, डॉक्टरांच्या मोटरसायकलवर मागं बसून, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. गुडघे गेले तेव्हा संघानं त्यांना बारामतीला बसतं काम दिलं. पहिल्या दिवशी ते पडद्याकडं असं बघत होते, जसा एखादा मुरलेला बैल नव्या गड्याकडं बघतो. मारणार नाही, पण पुढंही सरकणार नाही.

“ह्येचं नाव काय म्हनला?”

“डॅशबोर्ड.”

“दासबोर्ड,” तात्या म्हणाले. “बरोबर हाय. दासच म्हनायचा ह्यो. सांगंल ते काम करायचं आन तोंड वर करून बोलायचं न्हाय.”

तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्याचं नाव दासबोर्ड पडलं. सर्चला तात्या ‘हाक’ म्हणत आणि फिल्टरला ‘चाळण’. “आदी हाक मारायची. ओ न्हाय दिली तर चाळायचं,” हा त्यांचा नियम. मला डॅशबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं तीन दिवस ट्रेनिंग दिलं होतं, त्यातलं आता काही आठवत नाही. तात्यांचं हे एक वाक्य आठवतं आणि त्यावर माझं काम चालतं.

पण हाक मारायचं शास्त्र तात्यांना सहजासहजी वश झालं नाही. त्यांची अडचण अशी, की ते मशीनशी माणसासारखं बोलायचे. चौकटीत लिहायचे, ‘शेळगावची ती तांबडी गाय जिचं एक शिंग मोडलंय’. मशीन सांगायचं, ‘नोंद सापडली नाही’. तात्या चिडायचे. “सापडली न्हाय कशी? मी सवता बगितलीया. ओढ्याच्या पल्याडची.” मग त्यांना वाटायचं आपल्या बोलण्यात आदर कमी पडला असेल. एकदा मी वाकून बघितलं तर चौकटीत लिहिलं होतं, ‘कृपया दौलतरावांची म्हैस दाखवावी ही विनंती’.

त्यात नावांचा घोटाळा. सुरुवातीला ज्यानं त्यानं मनाला येईल तसं टाईप केलेलं. ज्ञानेश्वर हा माणूस आमच्याकडं सात प्रकारे होता. ज्ञानेश्वर, ज्ञानेशवर, न्यानेश्वर, ग्यानेश्वर, ज्ञानोबा, ज्ञानदेव, आणि एका महाभागानं नुसतं ‘माऊली’ टाकलेलं. शेळगाव चार ठिकाणी होतं, त्यातलं एक इंग्रजीत.

“एका गावाला चार नावं,” तात्या म्हणाले, “आन मानसानं सापडायचं एकातच? ह्यो न्याय झाला व्हय?”

मी म्हटलं, “तात्या, मशीनला जसं लिहिलंय तसंच कळतं.”

“मंग लिवनारा शाना पायजे.”

आणि त्यांनी ती नावं दुरुस्त करायला घेतली. कुणी सांगितलेलं नव्हतं. रोज फोन कमी झाले की एकेका सभासदाला स्वतः फोन लावायचे. “मी सोपान बोलतुय, दवाखान्यातनं. तुमचं नाव कसं लिवत्यात ओ? ... न्हाय न्हाय, म्हस ठीक हाय. तिचं काय न्हाय. तुमचं नाव इचारतुय. ज्ञ कोनता? ... आवो ज्ञ एकच आस्तोय, मला बी ठाव हाय, पर तुमी कोनता लिवता?” पलीकडच्या माणसाला वाटायचं काहीतरी सरकारी भानगड आहे. एकजण घाबरून आधारकार्ड, सातबारा आणि म्हैस, तिन्ही घेऊन ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. तात्यांनी त्याला चहा पाजला, नाव दुरुस्त केलं आणि म्हशीला फाटकाशी बांधून तिचा बिल्लाही पडताळून घेतला. “आलीच हाय तर,” म्हणाले.

सहा महिन्यांत सगळे ज्ञानेश्वर एका रांगेत आले. शेळगाव एक झालं. कंपनीच्या माणसानं मेलमध्ये लिहिलं, तुमच्या केंद्राची माहिती सगळ्यात स्वच्छ आहे. मी ते तात्यांना वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, “त्येला सांगा, शेन काढनाऱ्याचा हात हाय ह्यो.”

चाळण मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली. गाव निवडलं की बाकीची गावं नाहीशी. म्हैस निवडली की गाई नाहीशा. लहान मुलाला दिवा बंद-चालू करायला मिळावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. त्या आनंदात एकदा मोठाच घोळ झाला.

तो सोमवार होता. तात्या आले, पडदा उघडला आणि खुर्चीत ताठ झाले. पडद्यावर लिहिलं होतं, ‘आज एकही तक्रार नाही’. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. एकही नाही. दोन्ही तालुक्यांत एक शेळी शिंकत नव्हती. तात्या उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. वीस मिनिटांनी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

“ताई, घ्या. तीस वर्सांत असा दिवस बगितला न्हवता. आज एक बी जनावर आजारी न्हाय!”

मी नुकतीच येऊन टेकले होते; स्वतःचा पडदा न उघडताच पेढा तोंडात टाकला. शिपाई, वजनकाट्यावरचे, गेटवरचे, सगळ्यांना पेढे. तात्या थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या विभागाचे साहेब, हसणं कमी असलेला माणूस. पण त्यांनीही पेढा घेतला. तो अर्धा त्यांच्या तोंडात होता तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. लासुर्ण्याहून एक शेतकरी ओरडत होता की सकाळी सातलाच रात्रपाळीवाल्याकडं तक्रार दिलीय, अजून डॉक्टर नाही. मग दुसरा फोन. मग तिसरा.

मी धावत जाऊन तात्यांचा पडदा बघितला. शनिवारी जाताना त्यांनी लावलेली चाळण तशीच होती. गाव : शेळगाव. जनावर : बैल. तक्रार : डोळ्यातून पाणी. आता शेळगावात डोळ्यातून पाणी येणारा बैल त्या दिवशी नसेल, तर मशीनचा काय दोष? मी ‘सर्व काढा’ दाबलं आणि बावीस तक्रारी धबाधबा कोसळल्या.

त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. दुपारपर्यंत सगळे डॉक्टर बाहेर पाठवून झाले, एकाही जनावराला काही झालं नाही, तरी ते पुन्हापुन्हा ‘सर्व काढा’ दाबत राहिले. संध्याकाळी मोठे डॉक्टर त्यांच्या टेबलाशी थांबून एवढंच म्हणाले, “तात्या, पेढा चांगला होता.” हे बोलणं तात्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडद्याच्या चौकटीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी होती : ‘चाळण काढली का?’ आणि तिथून हा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या मागं लागला. मी लंच संपवून आले, की “ताई, चाळन काढली का?” डॉक्टर गाडीत बसताना, “सायेब, चाळन?” शिपाई कुलूप लावताना, “चाळन बग रं!”, आणि त्याच्याकडं तर कॉम्प्युटरच नव्हता.

पुढं तर त्यांनी माणसांच्या चाळणी काढायला सुरुवात केली. मी एकदा सासूबाईंवर वैतागून आले होते. सकाळी डब्यावरून कुरबुर झाली होती आणि मी तात्यांना सगळं सांगत होते. हे म्हणाल्या, ते म्हणाल्या, लग्नात असं केलं, बारशाला तसं केलं. तात्या पडद्याकडं बघत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “ताई, तुमी चाळन लावून बसलाय. मालक : सासू. तक्रार : समद्या. तारीक : लग्नापास्नं. काढा की जरा. बाकीचं बी दिसूं द्या.”

मला इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पण घरी जाताना एसटीत बसल्यावर मला आठवलं, की माझ्या बाळंतपणात या बाईनं दीड महिना रात्री झोप घेतली नव्हती. उगाच आठवलं. तात्यांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा पेढे आणले असते.

आता तुम्हाला वाटेल हा नुसताच गमतीचा माणूस. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. मग एका सकाळी तो फोन आला.

मीच उचलला. एक बाई होती, तरुण आवाजाची, रडत होती. “गाय अडलीया ओ, पाय भायर आलाय आन पुढं येईना. भोंगा झाला तवापास्नं उभी हाय नुसती. लवकर या—” आणि फोन बंद. मी उलटा लावला. बंद. परत लावला. बंद. बाईनं नाव सांगितलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं. मी तो मोबाइल नंबर चौकटीत टाकला. ‘नोंद सापडली नाही’.

अडलेली गाय म्हणजे तासाभराचा खेळ. फार तर दीड. त्यानंतर वासरू जातं, कधी गायही जाते. मी मोठ्यानं म्हणाले, “आता हिला शोधायची कुठं?”

तात्यांनी हातातला चहा खाली ठेवला. “काय काय म्हनाली ती? शब्दाला शब्द सांगा.”

मी सांगितलं.

“भोंगा म्हनाली?”

“हो.”

“हाक मारून उपेग न्हाय. नाव न्हाय आपल्याकडं. सरका, चाळू द्या मला.” त्यांनी माझीच खुर्ची ओढून घेतली. “भोंगा कारखान्याचा. म्हंजी सोमेश्वरनगरच्या आसपास. जिथवर ऐकू जातोय तिथवर.” त्यांनी एकेक गाव निवडायला सुरुवात केली. वाडीवस्तीसकट, कुठल्या वाडीवर भोंगा ऐकू येतो आणि कुठली वाडी टेकाडाआड आहे हे त्यांना पाठ होतं. मग जनावर : गाय. मग स्थिती : गाभण. मग रेतनाची तारीख. इथं त्यांनी बोटांवर नऊ महिने मोजले, वर आठ-दहा दिवस धरले. यादी झरझर आकसली. अकरा गाई उरल्या.

अकरा ठिकाणी डॉक्टर पाठवता येत नाही. मी फोन उचलला, म्हटलं, “एकेकाला लावते.”

“थांबा. बाई रडत हुती न्हवं? लई?”

“खूप.”

“चार येतं झालेल्या गाईची बाई अशी रडत न्हाय. ती आदी शेजाऱ्याला हाक मारती, मंग आपल्याला. ही पहिलटकरीन हाय. गाय बी आन बाई बी.” त्यांनी ‘वेत’ म्हणजे कितवं बाळंतपण, त्या रकान्यात ‘पहिलं’ निवडलं. तीन उरल्या.

पहिल्या नंबरवर एका म्हाताऱ्यानं सांगितलं की कालवड मजेत आहे, तुमचं काय काम आहे. दुसऱ्या नंबरवर गर्दीचा आवाज आला. माणूस म्हणाला, “मी बारामतीत मार्केट यार्डात हाय. टमाटं घिऊन आलोय. गाय? घरी हाय की. बायको हाय घरी. का? काय झालं?”

तात्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. आवाज इतका शांत, जणू नावाचं स्पेलिंगच विचारताहेत. “काय झालं न्हाय. डॉक्टर निगालाय तुमच्या वस्तीवर. घराची खूण सांगा निस्ती.” आणि दुसऱ्या हातानं मला खुणावलं, की डॉक्टरला लाव.

आमचे डॉक्टर जवळच होते, पंचवीस मिनिटांत पोचले. बाईच्या मोबाइलची बॅटरी संपली होती आणि वस्तीवर सकाळपासून लाईट नव्हती, एवढंच. नंबरही नवीनच घेतलेला. दुपारी डॉक्टरांनी फोटो पाठवला. कालवड झाली होती, ओली, कान लोंबलेले, आणि मागं ती बाई पदरानं डोळे पुसत. विशीचीही नसावी.

संध्याकाळी तो टोमॅटोवाला ऑफिसात आला. त्याला एकच कळत नव्हतं. “तुमाला कळलं कसं? मला ठाव न्हवतं, आन तुमाला कळलं?” तात्या म्हणाले, “आमचा दास हाय हितं. त्यो सांगतोय समदं.” मग मोठे डॉक्टर केबिनमधून बाहेर आले आणि तात्यांच्या टेबलावर त्यांनी पेढ्यांचा पुडा ठेवला. तात्यांनी तो उघडायच्या आधी पडद्याकडं बघून खात्री करून घेतली की चाळण निघालेली आहे.

तर असे तात्या. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवसांची रजा. जाताना मला शंभर सूचना देऊन गेले. आणि नेमकी त्याच आठवड्यात कंपनीकडून मेल आली, की डॅशबोर्ड जड झालाय, वर्षभरात ज्यांची एकही तक्रार आली नाही अशा जनावरांच्या नोंदी तपासून बंद करा.

मोठे डॉक्टर म्हणाले, “वर्षा, तात्या नाहीत तेवढ्यात उरकून टाक. ते असले की प्रत्येक शेपटीपाशी थांबतील.”

मी फिल्टर लावला. शेवटची तक्रार एक वर्षापूर्वी. भली मोठी यादी आली. मी सगळ्या नोंदी निवडल्या आणि ‘बंद करा’ दाबलं. पडद्यावर एक सूचना आली, की यातल्या चौदा नोंदी सोपान यांनी जतन केलेल्या फिल्टरमध्ये आहेत, तरीही बंद करायच्या का?

तात्यांनी फिल्टर जतन करून ठेवलाय हेच मला नवीन होतं. उघडून बघितला. त्याचं नाव होतं ‘गप’. चौदा मालक. प्रत्येकाकडं एकच जनावर. कुणाचीच तक्रार नाही, वर्ष-दीड वर्ष, काहींची त्याहून जास्त. वयं बघितली, सगळे सत्तरीच्या पुढचे. पहिलंच नाव शेवंताबाई, शेळगाव, गाय एक. म्हटलं, बंद करण्याआधी विचारून घ्यावं. फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. “तात्या?”

“तात्या नाही आजी, मी वर्षा. ऑफिसातून.”

“तात्या कुठं हाय? चार दिस झालं, फोन न्हाय त्येचा.”

मी सांगितलं की डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बरे आहेत.

“देवा! आन त्येला जेवायला कोन घालतंय?”

“घरचे असतील की.”

“घरचं कोन गं बाय? बायकू जाऊन सा-सात वर्सं झाली. ल्योक तिकडं लांब, वर्सातनं एकदा येतोय. एकटाच अस्तोय त्यो.”

मी दोन वर्षं तात्यांच्या शेजारी बसले होते. त्यांना कुठल्या वाडीवर भोंगा ऐकू येतो हे माहीत होतं आणि मला त्यांच्या घरी कोण आहे हे माहीत नव्हतं. दुपारी जेवणं झाली की ते बाहेर लिंबाखाली उभे राहून आपल्या मोबाइलवरून फोन करायचे. घरी करत असतील, असं मी धरून चालले होते.

मी कामाचं विचारलं. “आजी, तुमची गाय आहे ना अजून?”

आजींचा आवाज खाली आला. “गाय कवाच इकली, बाय. दोन वर्सं झाली. गुडगं चालंनात, वैरन कोन आननार? पर तू तात्याला सांगू नगं.”

“का हो?”

“त्यो फोन करतोय, इचारतोय गाय कशी हाय. मी म्हन्ती बरी हाय. मंग अर्दा घंटा बोलतोय हिकडचं तिकडचं. त्येला कळलं गाय न्हाय, तर फोन कशाच्या निमतानं करंल? बापय मानूस. करमत न्हाय म्हनून फोन केला, असं म्हनंल व्हय त्यो? मला काय, माझ्या हितं बाया हायत बोलायला. पर त्येच्यासाटी दुपारची पडायची न्हाय मी. तू सांगू नगं, शपत हाय तुला.”

मी म्हटलं, नाही सांगत. फोन ठेवला आणि शेवंताबाईंची नोंद पूर्ण उघडली, आता बंद करावी की काय करावं या विचारात. सगळ्यात खाली ‘शेरा’ म्हणून एक रकाना असतो. तिथं कुणी काही लिहीत नाही. तिथं तात्यांनी ऑफिसच्या भाषेत लिहिलं होतं :

‘गप. सदर गाय विकलेली आहे. आपणांस हे कळले असल्याचे बाईंना कळू देऊ नये. बाई एकट्या असतात. गाय कशी आहे असे विचारणे.’

बाकीच्या तेरा नोंदींचे शेरे मी वाचले नाहीत. माझ्याच्यानं वाचवले नाहीत. मी त्या चौदांवरच्या खुणा काढल्या आणि उरलेल्या बंद केल्या. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “झाल्या सगळ्या?” मी म्हटलं, “चौदा ठेवल्यात सर. चौकशी चालू आहे.” त्यांनी मान हलवली आणि ते केबिनमध्ये गेले.

दहा दिवसांनी तात्या आले. डोळ्यावर मोठा काळा गॉगल, त्यात ते सिनेमातल्या खलनायकासारखे दिसत होते. खुर्चीत बसले. “यादी साफ केली म्हनं?”

“केली.”

त्यांनी हळूच ‘गप’ उघडलं. बोट लावून मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “ह्या ऱ्हायल्या ताई.”

“जनावरं आहेत ना त्यांच्याकडं? मग कशाला बंद करायच्या?”

तात्यांनी ‘गप’ बंद केलं. गॉगलमुळं मला त्यांचे डोळे दिसत नव्हते.

“हायत की,” ते म्हणाले. “समद्यांकडं हायत.”

दुपारी जेवणं झाल्यावर ते लिंबाखाली गेले. खिडकी उघडी होती. नंबर लावला आणि त्यांनी घसा खाकरला.

“शेवंताबाई, गाय कशी हाय?”

पलीकडून काय सांगत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. पण खूप सांगत होत्या. तात्या एक हात झाडाच्या बुंध्याला टेकून ऐकत होते आणि मधूनच म्हणत होते, “आस्सं? ... बरं बरं. ... आन वैरन खातीया का नीट?”